सार्वजनिक प्रयोजन

बोरझिऱ्यात आता माणूस नाही,
पण धूर आहे.
साइडिंगवर उतरवलेला बारा रेक कोळसा
तीसेक वर्षं आतल्या आत जळतोय.
पावसात विझत नाही, उन्हात पेटत नाही.
जाणाऱ्या मालगाडीचा गार्ड नाकाला रुमाल लावतो,
तेवढीच दखल.

नव्या गावात, प्लॉट नंबर सत्तेचाळीससमोर,
सुपडू सपकाळेच्या टपरीवर
जुनं गाव रोज नव्यानं संपादित होतं.

सुपडू म्हणतो, खाली युरेनियम आहे.
रात्री दोनला पांढऱ्या गाड्या येतात, दिवे मालवून.
त्याच्या साडूनं पाहिल्यात.
साडू वरणगावला राहतो,
त्याला तिथून दिसतं.

मुबारक तडवी आवाज खाली आणतो:
"वीजघर बांधायचंच नव्हतं भो.
त्याहिले आपली विहीर पाहिजे होती.
तळाशी दार होतं,
तापीखालून थेट असीरगडले निघे."
त्या विहिरीवर इंदूबाई फेगडेनं
बावीस वर्षं पाणी भरलं. दार तिला दिसलं नाही.
"दिसलं असतं, तर दार कसलं ते,"
मुबारक म्हणतो,
आणि यावर कोणाकडेच उत्तर नसतं.

झिपरूचा नातू मोबाइलवर वरून गाव दाखवतो.
शेजारच्या मळ्यात केळीचं पान न् पान मोजून घ्या,
बोरझिऱ्याचा चौकोन तेवढा धूसर.
का?
धूर आहे म्हणून, असं म्हणायचं माझ्या जिभेवर येतं.

इंदूबाई चहा घेत नाही, दूध घालायला येते.
तिचं म्हणणं दोन वाक्यांचं:
कोळसा मुद्दाम जळता ठेवलाय.
"इझला, तर आपन परत जाऊ ना."

मी मोजणीखात्यात साखळी धरायचो.
ब्याण्णवच्या मे महिन्यात
बोरझिऱ्याच्या पांढरीवर एक टोक माझ्या हातात होतं,
दुसरं बऱ्हाटे सर्व्हेअरच्या.
कड्या इतक्या तापलेल्या
की केळीच्या सोपटात धरून ओढल्या.
चावडीवर नोटीस मीच चिकटवली.
खळ कमी पडली, तेव्हा लोटू वारकेच्या बायकोनं
ज्वारीच्या पिठाची शिजवून दिली.
नोटिशीत काय आहे, तिनं विचारलं नाही.
कलम सतरा होतं. तातडीचं.
हरकत ऐकायलाही सवड नाही, इतकी तातडी.

तर खरं एवढंच आहे:
निवाडा झाला, गाव उठलं, कोळसा आला,
आणि मागून चार ओळींचं पत्र आलं.
वीजघर नदीच्या त्या अंगाला गेलं,
पाणी तिकडे बारमाही होतं म्हणून.
जमीन परत करा, असं पत्रात नव्हतं.
परत करू नका, असंही नव्हतं.
कोळसा कोणत्या खात्याचा, ते तर नव्हतंच.
फाईल एका टेबलावरून उजवीकडे सरकत गेली.
शेवटच्या टेबलाच्या उजवीकडे
भिंत होती.

हे मी सांगितलं. एकदाच,
पोळ्याच्या संध्याकाळी.
टपरी अशी गप्प झाली
की स्टोव्ह ऐकू आला.
सुपडूनं विसळलेला ग्लास परत विसळला.
इंदूबाईनं किटली खाली ठेवली.
"म्हंजे कोनालेच नको होतं?"
राग नव्हता तिच्या आवाजात.
"आपलं गाव. कोनालेच?"

सरकारनं घेतलं, हे त्यांना पचलं होतं.
चोरानं नेलं असतं, तरी पचलं असतं.
घेऊन तिथंच टाकलं,
हे कुठल्या तोंडानं नातवांना सांगायचं?

मी बशीतला चहा संपवला.
मग म्हणालो, खालच्या आवाजात,
एक गोष्ट मात्र मलाही कळली नाही.
विहिरीपाशी साखळी
दर वेळी दोन कड्या कमी भरायची.

मुबारकनं मांडीवर थाप मारली.
सुपडूनं नवा चहा टाकला, आलं ठेचून.
इंदूबाई माझ्याकडे बघत राहिली,
सगळं कळलेल्या माणसासारखी.
"दोनच?" तिनं विचारलं.

"तीन," मी म्हणालो.